संतांनी प्रश्न केला म्हणून

तुकोबांचा एक अभंग मी मराठीतली लेखकाची पहिली मुलाखत म्हणून वाचतो. ‘याती शूद्र वैश केला वेवसाव’ हा तो अभंग. दुसऱ्याच चरणात सगळा प्रसंग उभा राहतो : ‘नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं’. स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत, तुमचा शब्द मोडवत नाही, म्हणून बोलतो. समोर कुणी बसलेलं आहे, त्यांनी काही विचारलं आहे आणि उत्तर देणारा अवघडला आहे. आजच्या प्रगट मुलाखतीची सुरुवात याहून फार वेगळी नसते. आजचं अवघडणं थोडं जास्त सरावाचं असतं, इतकंच.

पुढे तुकोबा जे सांगतात ते आपल्याला पाठ आहे, निदान आपण तसं समजतो. आईवडील गेले, दुष्काळ पडला, पैसा आटला, पैशाबरोबर मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, धंद्यात तूट आली. शाळेत आपल्याला इथपर्यंतच शिकवलं जातं आणि लगेच ‘म्हणून त्यांच्या वाणीला धार आली’ असं वाक्य जोडलं जातं. अभंगात ते ‘म्हणून’ नाही. दुःख आणि कविता यांच्यामध्ये तुकोबांनी बरंच काही ठेवलं आहे. मोडकळलेलं देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, पण आधी अभ्यास नव्हता. मग संतांची वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. खऱ्याखोट्याला मनाची साक्ष ठेवली, बहुमताला मानलं नाही. हे सगळं झाल्यावर कुठे ‘यावरि या जाली कवित्वाची स्फूर्ती’.

म्हणजे मधे उमेदवारी आहे. पाठांतर आहे, दुसऱ्याच्या मागे सूर धरणं आहे. 1630च्या त्या दुष्काळात देहू परिसरात किती घरांत माणसं अन्न अन्न करत मेली असतील. त्या घरांतून अभंग आले नाहीत. अनुभव सगळ्यांच्या अंगावरून गेला. तो शब्दांत उतरवण्याची तयारी एका माणसाने केली, आणि विचारल्यावर त्याने त्या तयारीबद्दलही सांगितलं. आपण मात्र उत्तराचा तेवढाच भाग गाळून वाचतो.

माझं सगळं म्हणणं या गाळलेल्या भागाबद्दल आहे. लेखकाच्या आयुष्याचा त्याच्या लेखनाशी संबंध असतो, हे सांगायला लेखाची गरज नाही. प्रश्न असा आहे की तो संबंध शोधताना आपण काय विचारतो. आपल्या मुलाखती, आपले प्रबंध, आपल्या दिवाळी अंकांतली मनोगतं ‘काय घडलं’ हे विचारतात आणि ‘लिहिणं कसं घडलं’ हे सोडून देतात. आणि पहिला प्रश्नही सगळ्यांना सारखा विचारत नाहीत.

प्रगट मुलाखतीचा आपला साचा ठरलेला आहे. दोन खुर्च्या, मधे टीपॉय, त्यावर पाण्याचे ग्लास आणि एक फुलदाणी. आधी शाल-श्रीफळ. मग ‘जडणघडण’ हा शब्द येतो. बालपण, आईवडील, शाळेतले एखादे गुरुजी, पहिली छापून आलेली कविता. साधारण चाळिसाव्या मिनिटाला, श्रोते घड्याळाकडे बघू लागले की, हुकमी प्रश्न येतो : या कादंबरीतला नायक म्हणजे तुम्हीच ना? सभागृहात हशा पिकतो. लेखक म्हणतो, थोडा मी, थोडे तुम्ही. टाळ्या. विद्यापीठांत याचीच गंभीर आवृत्ती चालते. प्रबंधाचं पहिलं प्रकरण ‘व्यक्ती आणि वाङ्मय’, शेवटी परिशिष्टात लेखकाची मुलाखत. मधल्या प्रकरणांत कादंबरीतल्या गावाचं नाव आणि लेखकाच्या गावाचं नाव जुळवून दाखवलेलं असतं. ‘कोसला’ ही कादंबरी 1963ची. लेखक खानदेशातल्या सांगवीचा आणि नायक पांडुरंगाचं आडनाव सांगवीकर, त्यामुळे गेली साठ वर्षं लोक भालचंद्र नेमाड्यांमध्ये पांडुरंग शोधताहेत. आडनाव इतकं उघड ठेवणाऱ्या लेखकाने ते मुद्दाम ठेवलं असेल, आपली थट्टा चालवली असेल, ही शंका फार थोड्यांना येते.

हे नुसतं बाळबोध असतं तर सोडून देता आलं असतं. पण या प्रश्नाचं वाटप विषम आहे. पुरुष लेखकाला नायकाबद्दल विचारतात तेव्हा गंमत होते, लेखिकेला नायिकेबद्दल विचारतात तेव्हा चौकशी होते. 1933मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनातलं असं उघड लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, याचा गाजावाजा झाला. कथा कशा आहेत यापेक्षा बाई कोण आहे हा प्रश्न मोठा ठरला. त्या मालतीबाई बेडेकर, तेव्हाच्या बाळूताई खरे. टोपणनावाचा आडोसा त्यांनी हौसेने घेतलेला नव्हता. आपण जे पाहिलं ते लिहिलं तर ‘हे तुझंच’ असं म्हणून ते आपल्याच अंगावर टाकलं जाणार, हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

दलित लेखकाच्या वाट्याला या प्रश्नाचा तिसरा प्रकार येतो. त्याच्याकडून आयुष्याची मागणी पुरावा म्हणून होते. सांगा, किती भोगलंत. आणि सांगून झालं की : आता पुढे काय लिहिणार? आत्मकथनानंतर संपले, हा शेरा मराठीत किती सहज मारला जातो. शैली, वाचन, आवडते लेखक, वाक्याची लांबी असे प्रश्न इतरांसाठी राखून ठेवलेले असतात. आणि ज्यांचं आयुष्य सुखवस्तू गेलं त्यांना ‘अनुभव’ या सदराखाली आपण काहीच विचारत नाही, जणू अनुभव म्हणजे फक्त हाल. वाड्यात वाढणं हाही अनुभवच. शेत कोण कसत होतं, विहिरीवर कोण येत नव्हतं, घरात कुठल्या विषयावर बोलायचं नसे, हेही लेखनाला घडवतं किंवा त्यात पोकळी ठेवतं. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक 1985 साली आलं. त्यात ढासळणारा वाडा आहे, तसा मोठेपणाचा तोराही आहे. विदर्भातल्या पारव्यासारख्या गावात, जमीनदार घरात जन्मल्याशिवाय तो तोरा इतका नेमका हाती लागला नसता असं मला वाटतं. पण पुण्यामुंबईच्या किती कथाकारांना कुणी व्यासपीठावर विचारलं आहे की तुमच्या जातीने तुमच्या वाक्याला काय दिलं?

आता दोन पुस्तकांकडे वळतो. या विषयातलं माझं जे काही शिक्षण झालं ते त्यांनीच केलं.

पहिलं ‘बलुतं’, 1978. आत्मकथन म्हणून त्याची कीर्ती आहे, पण त्याची रचना मुलाखतीची आहे, हे फारसं बोललं जात नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच. एक शिकलेला, पांढरपेशा नोकरीतला, कविता लिहिणारा. दुसरा महारवाड्यातला, मुंबईच्या कावाखाना वस्तीतला, जो पहिल्याला आता नकोसाही आहे आणि सुटतही नाही. सांगणारा आणि ऐकणारा असे दोन भाग झाल्याशिवाय ती कहाणी सांगताच आली नसती. नुसतं ‘मी’ म्हटलं असतं तर कुठला मी, हा प्रश्न पहिल्याच पानावर अडला असता. शिक्षणाने माणूस आपल्याच वस्तीपासून तुटतो हा त्यांचा अनुभव, आणि तो अनुभव त्यांनी पुस्तकाच्या घडणीतच घालून ठेवला. मला आयुष्य आणि लेखन यांचा संबंध अशा ठिकाणी सापडतो. दगडूचं अमुक घर कुठे होतं, याच्यापेक्षा दगडू वेगळा का बसवावा लागला, हे विचारण्यात मला जास्त रस आहे. वस्तीतल्या शिकलेल्या काही लोकांना हे उघड्यावर मांडणं रुचलं नाही. ती नाराजीही एका अर्थाने दया पवारांच्याच आत बसलेल्या ऐकणाऱ्याची होती.

दुसरं पुस्तक बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. पुस्तकरूपाने ते 1986मध्ये आलं, त्याआधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः येत होतं. बेबीताई फलटणच्या. घरचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचत. वाचनाची गोडी अशी लागली. मालक माल आणायला बाहेर गेले की दुकानात बसून लिहायचं आणि लिहिलेलं अडगळीत लपवायचं. वीसेक वर्षं ते असं लपलेलं राहिलं. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना त्याचा सुगावा लागला आणि मग ते छापण्यापर्यंत गेलं.

पुस्तकात काय आहे? वीरगावचा महारवाडा, पोतराज, जत्रा, उपासमार, बाळंतपणं, आणि सासुरवाशिणींचे हाल. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालत, संशयावरून बायकांची नाकं कापत, हे त्यांनी कुठलाही पडदा न ठेवता लिहिलं आहे. पण या पुस्तकात बेबीताईंचा स्वतःचा संसार जवळपास नाही. नवरा नाही, घरातलं भांडण नाही. वाचताना ते खटकत नाही, कारण पुस्तकाचं नावच ‘आमुचं’ आहे.

मग 2008मध्ये माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि त्याला जोडून त्यांनी घेतलेली बेबीताईंची मुलाखत. त्यात पंडितांनी सरळ विचारलं की तुम्ही स्वतःबद्दल का लिहिलं नाहीत. उत्तरात बेबीताईंनी सांगितलं की नवरा संशयी होता, मारायचा. एकदा मुंबईला सभेला जाताना डब्यात गर्दी होती, काही पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं, तेवढ्यावरून त्याने इतकं मारलं की नाकातून रक्ताच्या धारा लागल्या. लिखाण का लपवलं, याचंही उत्तर याच भीतीत होतं.

दुसऱ्या सुनांची कापलेली नाकं पुस्तकात आहेत आणि लेखिकेचं रक्ताळलेलं नाक मुलाखतीत आहे. हे मी वाचलं तेव्हा ‘जिणं आमुचं’ परत काढून ती प्रकरणं वाचली. आता त्या वर्णनातला राग कुठून येतो ते दिसलं. ‘तिचं’ लिहिताना हात कुणाच्या आठवणीने चालत होता ते दिसलं. तरीही, आणि हा मुद्दा महत्त्वाचा, मुलाखतीने पुस्तकाची चूक दुरुस्त केली असं मला वाटत नाही. बेबीताई त्याच मुलाखतीत म्हणतात की मी समाजाने जे भोगलं ते लिहिलं, त्यांचं दुःख ते माझं झालं, समाजाच्या बाहेर मला माझा वेगळा विचार करता येत नाही. म्हणजे आयुष्याने त्यांना प्रसंग दिले तसं एक सर्वनामही दिलं, ‘आम्ही’. स्वतःचं दुःख त्यांनी ‘आम्ही’त मिसळून टाकलं. त्यात भीती होती, संकोच होता, आणि बाबासाहेबांच्या चळवळीने शिकवलेली सामूहिक दृष्टीही होती. यातलं नेमकं किती काय, हे वाटे करून सांगता येत नाही. सांगू नयेही.

चांगली मुलाखत म्हणजे काय, याचा माझ्यापुरता नमुना हाच. पंडितांनी ‘हे खरंच घडलं का’ असं विचारलं नाही, ‘हे का लिहिलं नाहीत’ असं विचारलं. पुस्तकात जे आहे ते समोर आहेच. जे नाही त्याची जागा मुलाखत दाखवू शकते. ती पुस्तक नीट वाचल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे असा प्रश्न ऐनवेळी सुचत नाही. मला एकच चुटपूट आहे. फलटणच्या या बाईचं हे बोलणं छापून आलं ते इंग्रजीत. ते मराठीत, त्यांच्या मराठीत, कसं ऐकू आलं असेल?

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, ‘काय घडलं’ हे विचारू नका असं सांगणं सोपं आहे, कारण ज्यांचं जे घडलं ते आधीपासून वाङ्मयात होतंच त्यांना ते परवडतं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकरांचा वाद ज्या काळात रंगला, त्या काळात दोन्ही बाजूंना ‘जीवन’ म्हणजे बहुतेक एकाच वर्गाचं जीवन होतं. 1958मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, हे तिथलं त्यांचं म्हणणं प्रसिद्धच आहे. आम्ही जगलो म्हणून आम्ही लिहू, हा हक्क भांडून मिळवलेला आहे. आता ‘घटना विचारू नका, घडण विचारा’ म्हणणं म्हणजे तो हक्क मागच्या दाराने काढून घेणं नव्हे काय?

मला हा आक्षेप मान्य आहे, पण अर्धाच. सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे मालतीबाई बेडेकर नोकरीला होत्या. त्या अनुभवातून 1950 साली ‘बळी’ आली. कळवळ्याने लिहिलेली, डोळे उघडे ठेवून लिहिलेली कादंबरी. 1871पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला 1952मध्ये, म्हणजे कादंबरी आल्यावर दोन वर्षांनी. पुढे 1987मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन आलं. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली की कुंपणाच्या दोन बाजू म्हणजे काय ते कळतं. ‘बळी’मध्ये चोरी ही सामाजिक अन्यायाची परिणती आहे. ‘उचल्या’मध्ये चोरी हा शिकायचा धंदा आहे, त्यात हातचलाखी आहे, मार खाण्याचं प्रशिक्षण आहे, वाटणीचे नियम आहेत. बाहेरून आलेल्या सहानुभूतीला हे दिसलं तरी असं लिहिता येत नाही, कारण सहानुभूतीला कौशल्याचा अभिमान वाटू शकत नाही. गायकवाड जगले म्हणून त्यांना हे माहीत होतं, हे खरंच. पण त्यांना विचारायचा प्रश्न ‘खरंच इतकं मारायचे का’ हा नाही. तो कुतूहलाचा प्रश्न आहे आणि कुतूहल शमलं की ऐकणारा उठून जातो. धंद्याचे शब्द, वस्तीतली भाषा छापताना किती ठेवली, किती काढली, कुणाच्या सांगण्यावरून काढली, हे विचारा. त्याने हक्क काढून घेतला जात नाही. उलट तुम्ही लेखक आहात, नुसते साक्षीदार नाही, हे त्या प्रश्नात मान्य केलेलं असतं.

असं विचारल्याचं एक उदाहरण आपल्याकडे आहे. 1972मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर तेव्हा मोठे नाटककार, ढसाळ तेविशीतले. प्रस्तावना लिहिण्याआधी तेंडुलकरांनी दोन गोष्टी केल्या. कवितेतले जे शब्द कळले नाहीत ते कवीला विचारून घेतले, आणि गोलपिठा हा मुंबईतला वेश्यावस्तीचा इलाखा कवीसोबत फिरून पाहिला. आपल्याला हे जग ठाऊक नाही, हे त्यांनी लपवलं नाही. एका मोठ्या लेखकाने नवख्या कवीपुढे शब्दार्थ विचारत बसावं यात जे आहे ते मला शंभर ‘जडणघडणी’हून मोलाचं वाटतं. शब्दाचा अर्थ विचारला की मागे गल्ली येते, धंदा येतो, माणसं येतात, आणि ती येतात ती कवितेच्या दारातूनच.

उर्मिला पवारांचा प्रवास तर मला फारच बोलका वाटतो. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव गाठून बोलतं केलं, त्यातून 1989मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ झालं. ज्या बायकांना आपण काही केलं असं वाटतच नव्हतं त्यांच्या मुलाखती. आणि 2003मध्ये त्यांचं स्वतःचं ‘आयदान’. कोकणात बांबूच्या पाट्या-सुपांना आयदान म्हणतात. आई ती विणून विकायची. तिचं विणणं आणि माझं लिहिणं यांची वीण एकच, असं त्या सांगतात. इतरांना विचारता विचारता त्यांना स्वतःला काय विचारावं हे सापडलं असेल का? मला तसं वाटतं. आईच्या कष्टांचे प्रसंग पुस्तकात आहेतच, पण त्यांनी आईकडून घेतलं ते विणण्याचं तंत्र. एक कांब पुढे, एक मागे. पुस्तकाचा काळही तसाच मागेपुढे होतो.

प्रश्न एकाचा आणि उत्तर दुसऱ्याचं, असंही होतं. देवदत्त टिळकांना वडिलांचं, रेव्हरंड टिळकांचं चरित्र लिहायचं होतं. आईला म्हणाले, तुझ्या आठवणी लिहून दे. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि 1934पासून ‘स्मृतिचित्रे’ निघू लागलं. विचारलं होतं नवऱ्याबद्दल. मराठी गद्याला मिळाली ती बायको.

पण विचारूच द्यायचं नाही असं ठरवलेले लेखकही असतात, आणि त्यांचं काय करायचं ते ठरवायला हवं. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत, काळा चष्मा लावून लोकांपासून दूर राहत. सभा नाहीत, मुलाखती नाहीत. ‘काजळमाया’ला 1973चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तर त्यांनी पुरस्कारच परत करून टाकला. त्यांच्या मागे पत्रांचे खंड निघाले आणि आता त्या पत्रांतून आपण त्यांची न झालेली मुलाखत रचत बसतो. मीही ती पत्रं आवडीने वाचली आहेत, त्यामुळे मला यात साळसूदपणा करता येणार नाही. पण एक पाहिलं आहे. पत्रांतून त्यांची पोरकेपणाची, धारवाडची, बहिणींची माहिती गोळा करून कथेकडे गेलो की कथा लहान होते. पत्रांतून त्यांच्या वाचनाची, चित्रांच्या वेडाची, वाक्य घासण्याची माहिती घेऊन गेलो की कथा वाढते. हे असं का होतं याचा मला नीट उलगडा झालेला नाही.

तुकोबांचा तो अभंग शेवटाकडे कसा वळतो, हेही लोक विसरतात. निषेधाचा आघात, वह्या बुडवल्या, धरणं धरून बसलो, इतकं सांगून होतं आणि मग : ‘विस्तारीं सांगतां बहुत प्रकार । होईल उशीर आतां पुरें’. सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे, पण उशीर होईल, पुरे आता. उत्तर कुठे थांबवायचं हे उत्तर देणाऱ्याने ठरवलं. वह्या बुडवाव्या लागल्या त्या दिवसाबद्दल जे तो सांगत नाही, ते आपण चारशे वर्षं चित्रपट, नाटकं आणि कीर्तनांतून भरून काढतो आहोत.

शेवटी माझ्याकडची एक गोष्ट, कारण इतरांना एवढं सुनावल्यावर ती सांगायलाच हवी. काही वर्षं मी दिवाळी अंकांसाठी मुलाखती घेत असे. छापताना प्रश्न काढून टाकायचे आणि सलग मनोगत करायचं, खाली ‘शब्दांकन’ म्हणून आपलं नाव, अशी पद्धत. प्रश्न गेल्यामुळे वाचकाला वाटतं, लेखक आपणहूनच आईवडिलांपासून सुरू झाला. सातारा भागातल्या एका लेखिकेची मुलाखत अशीच केली. त्या बोलल्या त्यांच्या बोलीत, अडखळत, मागेपुढे जात. त्यांनी म्हटलं होतं, ‘मला लय राग आलावता, पन कुनावर ते कळंना.’ मी लिहिलं, ‘माझ्या मनात तीव्र संताप दाटून आला होता, मात्र त्याचा रोख निश्चित नव्हता.’ अंक पोचल्यावर त्यांचा फोन आला. छान झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘पण हे बोलतंय कोण?’

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. मागच्या पावसाळ्यात घर आवरताना ती कॅसेट सापडली. अंक केव्हाच रद्दीत गेला असेल. शेजाऱ्यांकडे एक जुना टेपरेकॉर्डर निघाला, त्याच्यावर ऐकली. त्यांची कथा मी बारकाईने वाचून गेलो होतो अशी माझी समजूत होती, पण टेपवर पहिली वीस मिनिटं मी त्यांच्या वडिलांच्या दारूबद्दलच विचारतो आहे. मग एकदा कसा कोण जाणे, बरा प्रश्न विचारला आहे : गोष्ट अर्ध्यात का थांबवलीत? त्यानंतर शांतता आहे. कुकरची शिट्टी, बाहेर कुणीतरी पोराला हाक मारतंय. त्या ‘आता बगा, ते असं...’ एवढं म्हणतात. आणि टेपवर माझा आवाज येतो, पुढचा प्रश्न विचारणारा.